शेगडीची तार जळत का नाही?

विजेचा औष्णिक परिणाम शिकवताना एक प्रश्न हमखास येतो. शेगडीत, इस्त्रीत, गीझरमध्ये नायक्रोमचीच तार का वापरतात? उत्तर आपल्याला पाठ असते. नायक्रोमची रोधकता जास्त आहे, तिचा वितळणबिंदू उंच आहे आणि उच्च तापमानालाही तिचे सहजासहजी ऑक्सिडीकरण होत नाही. मुले तीन मुद्दे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत लिहितात, गुणही मिळतात.

या तीन मुद्द्यांकडे जरा चिकित्सक नजरेने पाहू. नायक्रोम साधारण १४०० अंश सेल्सियसला वितळते, तर शुद्ध लोखंड १५३८ अंशांना. म्हणजे वितळणबिंदूच्या कसोटीवर लोखंडच सरस ठरते, आणि ते कितीतरी स्वस्तही आहे. लोखंडाची रोधकता नायक्रोमच्या सुमारे एक दशांश आहे हे खरे, पण अधिक लांब आणि अधिक बारीक तार घेतली की ही उणीव बरीचशी भरून निघते. मग लोखंडी तारेची शेगडी का नाही? सगळा भार येऊन पडतो तो तिसऱ्या मुद्द्यावर, आणि तिथेच खरी गंमत आहे.

नेहमीच्या नायक्रोममध्ये सुमारे ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियम असते. यातल्या क्रोमियमला ऑक्सिजनची ओढ लोखंडापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. जो धातू ऑक्सिजनवर लोखंडापेक्षा अधिक तुटून पडतो, तोच मिसळल्यावर तार जळायची थांबते, हे कसे? ‘ऑक्सिडीकरण होत नाही’ असे आपण मुलांना सांगतो तेव्हा नेमके काय सांगत असतो?

खरी गोष्ट अशी की नायक्रोमचे ऑक्सिडीकरण होते. नवी तार पहिल्यांदा लाल होते तेव्हा काही मिनिटांतच तिची चकाकी जाते आणि ती काळपट दिसू लागते. ती वरवर जळालेली असते. पण त्या जळण्यातून तिच्या अंगावर जो पापुद्रा तयार होतो, तोच पुढे शेकडो तास तिला जळू देत नाही. विजेच्या दिव्यातल्या टंगस्टनच्या तारेला असे कवच लाभत नाही. काचेला बारीकशी चीर गेली की ती पांढरा धूर सोडून क्षणात संपते. म्हणून दिव्याला काचेचा फुगा आणि आत निर्वात किंवा निष्क्रिय वायू लागतो. शेगडीची तार मात्र उघड्या हवेत, तांबडीलाल होऊन, तासन् तास निवांत बसते.

माणसाने हे कवच आधी वापरले आणि त्याचे मर्म पुष्कळ उशिरा जाणले. मधल्या काळाची गोष्ट इथे सांगायची आहे.

ऐरणीभोवतीचे काळे पोपडे

लोहाराच्या कामाची जागा ज्यांनी पाहिली आहे त्यांना ऐरणीभोवती पसरलेले काळे, चकचकीत, ठिसूळ तुकडे आठवतील. लालबुंद लोखंडावर घणाचा घाव पडला की ते उडतात. लोखंड पुन्हा भट्टीत घातले की पुन्हा नवे पोपडे येतात. दर तापवणीला थोडे लोखंड असे खर्ची पडते, आणि ते लोहाराने धरूनच चाललेले असते.

लोहाराला याच प्रकाराचे एक देखणे रूपही माहीत असते. छिन्नीला पाणी दिल्यावर तिचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ती पुन्हा हलकी तापवतात. घासून लख्ख केलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढू लागतात. २२०-२३० अंशांच्या सुमारास फिकट गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. तापमापक नसताना कारागीर या रंगांवरूनच तापमान ओळखत आले. साबणाच्या फुग्यावर जे रंग दिसतात त्याच जातीचे हे रंग. ऑक्साइडच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात, त्यातून ते उमटतात. पिवळा रंग दिसतो तेव्हा थराची जाडी मिलिमीटरच्या वीस हजाराव्या भागाच्या आसपास असते. थर वाढला की रंग बदलतो. म्हणजे रंग हे जाडीचे मापच झाले. हा मुद्दा लक्षात ठेवू, पुढे एका जर्मन प्राध्यापकांनी त्याचा उपयोग केला आहे.

धातू हवेत तापवला की त्याचे वजन वाढते, हे फ्रान्समधल्या झाँ रे यांनी १६३० मध्येच लिहून ठेवले होते. हवेतला एक घटक धातूशी संयोग पावतो म्हणून हे घडते, हे लाव्हाझिए यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले. धातूच्या भस्माचे कोडे त्याबरोबर सुटले. पण काही धातूंची भस्मे सुटून का पडतात आणि काहींची का चिकटून राहतात, हा प्रश्न त्या काळात फारसा कोणाला पडलेला दिसत नाही. तसा तो निकडीचाही नव्हता. निकड निर्माण केली ती विजेने.

शिकागोतली तार

तारेतून वीजप्रवाह गेला की उष्णता निर्माण होते आणि ती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हा नियम जूल यांनी १८४१ मध्ये मांडला. एडिसनचा दिवा १८७९ चा. शतक संपता संपता अमेरिकेतल्या शहरांत घरोघर वीज पोचू लागली होती. दिवे होते, पंखे होते, पण विजेवर चालणारी भरवशाची शेगडी नव्हती. लोखंडी तार जळून जायची. जर्मन सिल्व्हरसारख्या मिश्रधातूही फार काळ टिकत नसत. प्लॅटिनम टिकायचे, पण प्लॅटिनमची शेगडी कोण विकत घेणार!

विल्यम हॉस्किन्स यांच्या शिकागोतल्या प्रयोगशाळेत अल्बर्ट मार्श नावाचा तरुण धातुतज्ज्ञ या प्रश्नावर काम करत होता. मार्शचा जन्म १८७७ चा, शिक्षण इलिनॉय विद्यापीठातले. निकेलमध्ये निरनिराळे धातू मिसळायचे, तार ओढायची, प्रवाह सोडून तापवायची आणि किती टिकते ते पाहायचे, अशी ती पद्धत होती. आजच्या भाषेत तिला ‘करून पाहणे’ यापलीकडे नाव देता येणार नाही. त्यात निकेल आणि क्रोमियम ही जोडी सापडली. १९०५ मध्ये मार्शने पेटंटसाठी अर्ज केला आणि ६ फेब्रुवारी १९०६ रोजी त्याला पेटंट मिळाले. आधीच्या तारांपेक्षा ही तार कितीतरी पटींनी टिकत होती.

इथे एका आनुषंगिक गोष्टीचा उल्लेख करायला हवा. क्रोमियमचा शोध फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांनी अठराव्या शतकाच्या शेवटीच लावला होता. पण कार्बनच्या साहाय्याने मिळवलेल्या क्रोमियममध्ये कार्बन शिल्लक राहतो आणि त्याची मिश्रधातू ठिसूळ होते, तिची तार ओढणे कठीण. १८९० च्या दशकात जर्मनीत हान्स गोल्डश्मिट यांनी ॲल्युमिनियमची पूड वापरून ऑक्साइडमधून धातू मुक्त करण्याची रीत काढली. रेल्वेचे रूळ जोडण्यासाठी वापरतात तीच ही थर्माइटची अभिक्रिया. तिच्यामुळे कार्बनविरहित क्रोमियम मिळू लागले. ते मिळत नसते तर मार्शच्या हाती तार लागली असती की नाही, याची आम्हाला शंकाच आहे. शोधाच्या गोष्टी सांगताना असे मागचे दुवे आपण नेहमी गाळतो.

तारेवरून पुढे जनरल इलेक्ट्रिक या बड्या कंपनीशी न्यायालयात वाद झाला आणि त्यात मार्शच्या पेटंटाची बाजू टिकली. टोस्टर, इस्त्री, प्रयोगशाळेतल्या भट्ट्या, सगळीकडे ही तार पोचली. आपल्या शाळांच्या प्रयोगशाळेतही ती असते. ज्योत परीक्षेसाठी महाग प्लॅटिनमऐवजी आपण नायक्रोमच्या तारेचे वेटोळे वापरतो. मार्शच्या पहिल्या शोधाचीच ती पुनरावृत्ती म्हणायची.

पण तार का टिकते? ते मार्शला सांगता येत नव्हते. १९०६ मध्ये ते जगात कोणालाच सांगता येत नव्हते.

थर कसा वाढतो?

पहिले पाऊल गॉटिंगेनचे प्राध्यापक गुस्ताव्ह टामान यांनी १९२० मध्ये टाकले. धातूंवर वायूंमुळे चढणाऱ्या थरांची जाडी त्यांनी रंगांवरून मोजली. चांदीवर आयोडीनच्या वाफेने चढणारा थर हे त्यांच्या अभ्यासातले एक प्रमुख उदाहरण होते. जाडीचा वर्ग वेळेच्या प्रमाणात वाढतो असे त्यांना आढळले. एका तासात थर जेवढा झाला, त्याच्या दुप्पट व्हायला चार तास लागतात आणि तिप्पट व्हायला नऊ. आलेख काढला तर अन्वस्त मिळतो. विद्यार्थ्यांना आलेखवहीवर हा काढायला जरूर सांगावा. सुरुवातीला झपकन वर जाणारी रेषा पुढे पुढे कशी वाकत जाते ते डोळ्यांना दिसते.

असे का व्हावे, ते एका उदाहरणाने समजते. एक गवंडी भिंत बांधतो आहे, पण त्याला विटा भिंतीच्या पलीकडच्या बाजूने आणाव्या लागतात. भिंत जसजशी जाड होईल तसतसा त्याचा फेरा लांबत जाईल आणि काम मंदावेल. थराचेही असेच होते. एकीकडे धातू, दुसरीकडे ऑक्सिजन आणि मध्ये थर. दोघांची गाठ पडायची तर कोणीतरी थरातून चालत जायला हवे.

मात्र भिंत सलग हवी, भगदाडे असलेली चालणार नाही. हा मुद्दा एन. बी. पिलिंग आणि आर. ई. बेडवर्थ यांनी १९२३ मध्ये मांडला आणि त्यासाठी एक इतका सोपा हिशेब दिला की तो दहावीच्या वर्गातही करता येतो. धातूचे जेवढे आकारमान खर्च झाले, त्यापासून बनलेल्या ऑक्साइडचे आकारमान त्याच्या किती पट आहे ते काढायचे. २७ ग्रॅम ॲल्युमिनियमची घनता २.७ धरली तर आकारमान १० घन सेंटिमीटर येते. त्यापासून ५१ ग्रॅम ऑक्साइड मिळते, त्याची घनता सुमारे ३.९५, म्हणून आकारमान १२.९ घन सेंटिमीटर. गुणोत्तर जवळजवळ १.३. ऑक्साइड धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणजे पृष्ठभाग पूर्ण झाकला जातो. आता मॅग्नेशियम घेऊ. २४.३ ग्रॅम, घनता १.७४, आकारमान १४. त्यापासून ४०.३ ग्रॅम ऑक्साइड, घनता ३.५८, आकारमान ११.३. गुणोत्तर ०.८१. अंगापेक्षा अंगरखा तोकडा! तो फाटणार आणि फटींतून ऑक्सिजन आत शिरणार. सोडियम, कॅल्शियम यांचेही असेच. ॲल्युमिनियम हा अतिशय क्रियाशील धातू असूनही त्याचे पातेले आपण बिनदिक्कत चुलीवर ठेवतो आणि मॅग्नेशियमची फीत मात्र डोळे दिपवून जळून जाते, या फरकामागचे एक कारण या हिशेबात आहे.

एक कारण म्हणायचे, संपूर्ण नव्हे. कारण हाच हिशेब लोखंडासाठी केला तर गुणोत्तर सुमारे १.७ येते. अंगरखा पुरेसा आहे, तरी लोखंड जळतेच. पिलिंग-बेडवर्थ गुणोत्तर अनेक पुस्तकांत कवचाची अंतिम कसोटी असल्यासारखे छापलेले असते. ते तितके खरे नाही. भिंत सलग असून भागत नाही. तिच्यातून ये-जा किती चालते, हेही पाहावे लागते.

हिरव्या रंगाची खूण

थरातून नक्की कोण चालत जाते? मनात येणारे सहज उत्तर ‘ऑक्सिजन’ हे असते. हवा बाहेर आहे, तेव्हा तीच झिरपत आत जात असणार. बहुतेकांची समजूत अशीच असते. एल. बी. प्फाइल या ब्रिटिश धातुतज्ज्ञाने १९२९ मध्ये एक साधा प्रयोग करून ही समजूत तपासली. लोखंडाच्या पृष्ठभागावर त्याने क्रोमियम ऑक्साइडच्या हिरव्या भुकटीचा लेप दिला आणि मग ते हवेत तापवून त्यावर ऑक्साइडचा जाड थर वाढू दिला.

विचार करा. ऑक्सिजन आत जात असेल तर नवे ऑक्साइड लेपाच्या खाली तयार होईल आणि हिरवी खूण सगळ्यांत वर राहील. लोखंड बाहेर येत असेल तर नवे ऑक्साइड लेपाच्या वर साचेल आणि खूण थराखाली गाडली जाईल. थंड झाल्यावर थर कापून पाहिला तेव्हा हिरवी खूण थराच्या पोटात गाडलेली सापडली. लोखंडच बाहेर चालत आले होते! निर्जीव, घन अशा थरातून धातूचे आयन वाट काढत हवेला भेटायला येत होते.

आमच्या मते हा प्रयोग शालेय पुस्तकात यायला हवा. एक भट्टी, एक रंग आणि एक नेमका प्रश्न, एवढेच भांडवल. निष्कर्ष काय निघेल याची दोन्ही उत्तरे आधी वर्गाकडून लिहून घेऊन मग प्रयोगाची हकिकत सांगितली तर तास रंगतो, असा आमचा अनुभव आहे.

प्फाइलला दिसले ते का घडते, याचे गणित जर्मनीतल्या कार्ल वाग्नर यांनी १९३३ मध्ये मांडले. ऑक्साइडचा स्फटिक पूर्ण निर्दोष नसतो. आयनांच्या काही जागा रिकाम्या असतात आणि शेजारचा आयन उडी मारून त्या जागी येतो. बैठकीच्या खोलीत एक खुर्ची रिकामी असली की माणसे सरकत सरकत पुढे येतात, तसे. आयनांबरोबर इलेक्ट्रॉनांनाही थर ओलांडावा लागतो. यातले कोणतेही एक अडले तरी थराची वाढ मंदावते. म्हणून ऑक्साइडची विद्युतवाहकता मोजून थराच्या वाढीचा वेग काढता येतो, असे वाग्नर यांनी दाखवले. टामान यांच्या अन्वस्ताला आता पाया मिळाला.

यातून लोखंडाचे दुखणे उमगले. सुमारे ५७० अंशांच्या वर लोखंडाच्या थरात फेरस ऑक्साइडचा भाग मोठा असतो, आणि त्याच्या स्फटिकात लोखंडाच्या शेकडा पाचच्या आसपास जागा रिकाम्याच असतात. म्हणजे भिंत कसली, वर्दळीचा रस्ताच! क्रोमियम ऑक्साइडमध्ये अशा जागा अत्यंत कमी. ॲल्युमिनियम ऑक्साइड तर विजेचा दुर्वाहक, म्हणजे तिथे इलेक्ट्रॉनांचीही वाट बंद. फरक केवढा? १००० अंशांना लोखंडावर एका दिवसात सुमारे एक मिलिमीटर थर चढतो. त्याच तापमानाला, तेवढ्याच वेळात ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही वाढत नाही.

मार्शच्या तारेचे रहस्यही असे उलगडले. क्रोमियमला ऑक्सिजनची ओढ निकेलपेक्षा फार जास्त, म्हणून पृष्ठभागावर तेच आधी पुढे होते आणि आपल्या ऑक्साइडची सलग साय धरते. ती धरली की निकेलला वाव उरत नाही. ऑक्सिजनची हाव हा इथे दोष नसून तोच गुण ठरतो. मात्र क्रोमियम पुरेसे हवे. ते शेकडा चार-पाचच असेल तर साय सलग होत नाही. उलट क्रोमियमचे आयन निकेलच्या ऑक्साइडमध्ये शिरून तिथल्या रिकाम्या जागा वाढवतात आणि अशी मिश्रधातू शुद्ध निकेलपेक्षाही लवकर जळते. थोडे औषध घेतल्याने रोग बळावावा, तसा हा प्रकार. मार्शची २० टक्के क्रोमियमची तार या धोक्याच्या पट्ट्यापलीकडे होती, हे त्याला नुसत्या चाचणीने सापडले होते.

तारेपासून विमानापर्यंत

फ्रँक व्हिटल या ब्रिटिश हवाईदलातल्या तरुण अधिकाऱ्याने जेट इंजिनाच्या पेटंटसाठी १९३० मध्ये अर्ज केला होता. कल्पना सरळ होती, अडचण धातूची होती. जळत्या वायूच्या झोतात, लाल होण्याइतके तापलेले टर्बाइनचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेणार, आणि तरी ते लांबता कामा नये, जळता कामा नये. ब्रिटनचे पहिले जेट विमान १५ मे १९४१ रोजी क्रॅनवेलहून उडाले तेव्हा पाती विशेष पोलादाची होती. दीर्घकाळ चालवायच्या इंजिनाला ती पुरेशी नव्हती.

हे काम आले मॉन्ड निकेल कंपनीच्या प्रयोगशाळेकडे, आणि तिथे कोण होते? हिरव्या लेपाचा प्रयोग करणारे तेच प्फाइल. त्यांच्या गटाने सुरुवात केली ती ८० टक्के निकेल आणि २० टक्के क्रोमियमपासून, म्हणजे शेगडीच्या तारेपासून. जळण्यापासूनचा बचाव तिच्यात तयारच होता, बळकटी कमी होती. टायटॅनियम आणि ॲल्युमिनियम अल्प प्रमाणात मिसळल्यावर तीही आली. ही ‘निमॉनिक’ मालिका. युद्धकाळातच ती इंजिनात बसली, आणि आजच्या टर्बाइनमधल्या निकेल मिश्रधातूंच्या वंशावळीत तिचे नाव मुळाशी आहे.

जर्मनांची जेट विमाने त्याआधीच, २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाली होती. पण युद्धात त्यांना निकेल आणि क्रोमियमची भयंकर टंचाई पडली. मेसरश्मिट २६२ च्या यूमो ००४ इंजिनात ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले होते आणि ते जळू नयेत म्हणून त्यांवर ॲल्युमिनियमचा मुलामा दिला होता. पाती पोकळ करून आतून हवेने थंड ठेवली जात. युक्त्या उत्तम होत्या, पण इंजिनाचे आयुष्य १० ते २५ तासांचे. ब्रिटनच्या वेलंड इंजिनाला १८० तासांनी मोठी दुरुस्ती लागे. या फरकामागे इतरही कारणे आहेत, तरी धातूचे कारण त्यांत लहान नाही. आणि तो ॲल्युमिनियमचा मुलामा नाइलाजाने दिलेला असला, तरी त्याची दिशा बरोबर होती, हे पुढे सिद्ध झाले.

खपली धरते, खपली निघते

क्रोमियमच्या कवचालाही मर्यादा आहे. सुमारे १००० अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड आणखी ऑक्सिजन घेऊन वायुरूप होऊ लागते. कवच हळूहळू उडून जाते, आणि वायूचा झोत वेगाचा असेल तर अधिकच लवकर. तेव्हा अधिक तापमानासाठी ॲल्युमिनियम ऑक्साइडचा आसरा घ्यावा लागतो. स्वीडनमध्ये हान्स फॉन कान्ट्सो यांनी लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांची अशी तार बनवली. ‘कान्थाल’ हे तिचे नाव त्यांचे आडनाव आणि हालस्टाहामार हे गाव यांवरून पडले. नायक्रोमची तार १२०० अंशांपर्यंत, तर ही १४०० अंशांच्या आसपासपर्यंत चालते. तीत निकेल नसल्याने ती स्वस्तही पडते. तेव्हा आपल्या घरातल्या शेगडीत नायक्रोमच असेल असे गृहीत धरू नये.

आता एक घरगुती निरीक्षण. सतत चालू राहणाऱ्या तारेपेक्षा वारंवार चालू-बंद होणारी तार लवकर तुटते. याचे कारण आकुंचनात आहे. थंड होताना धातू जास्त आक्रसतो, ऑक्साइड कमी. थर दाबला जातो, फुगतो आणि जखमेवरच्या खपलीसारखा सुटतो. उघड्या पडलेल्या जागी नवा थर धरायला आतले क्रोमियम खर्च होते. प्रत्येक खपलीबरोबर ही पुंजी घटते आणि ती संपली की निकेलही जळू लागते. म्हणूनच अशा तारांच्या आयुष्याच्या प्रमाणित चाचणीत दोन मिनिटे चालू, दोन मिनिटे बंद असे चक्र तार तुटेपर्यंत चालवतात.

खपली निघू नये यासाठी काय करावे? डब्ल्यू. टी. ग्रिफिथ्स आणि प्फाइल (पुन्हा तेच!) यांनी १९३७ च्या ब्रिटिश पेटंटमध्ये एक उपाय नोंदवला: सिरियमसारखी दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये अगदी चिमूटभर मिसळायची. तारेचे आयुष्य त्याने खूप वाढले. का वाढले? यावर पुढची पन्नास वर्षे तर्कवितर्क चालले. १९८० च्या दशकात एक अनपेक्षित आरोपी पुढे आला, तो म्हणजे गंधक. धातूत दशलक्ष भागांत काही मोजके भाग इतके गंधक असले तरी ते थराखाली जमून पकड ढिली करते, आणि सिरियम किंवा यिट्रियम त्याला आतच अडकवून ठेवतात. हेच एकमेव कारण नव्हे, थराच्या वाढीची तऱ्हाही या मूलद्रव्यांनी बदलते. पण एका पेटंटातल्या चिमूटभर मसाल्याने संशोधकांना केवढे कामाला लावले!

आजच्या विमानांच्या टर्बाइनमधले वायू पात्याच्या वितळणबिंदूपेक्षाही अधिक तापलेले असतात. पाती आतून हवेने थंड करतात आणि बाहेरून झिर्कोनियाचा, मिलिमीटरच्या एक-दोन दशांश जाडीचा लेप देतात. झिर्कोनिया उष्णता अडवतो, पण ऑक्सिजनला तो अडवत नाही. ते काम त्याच्या खालच्या, ॲल्युमिनियमयुक्त मुलाम्यावर वाढणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पापुद्र्याकडे आहे. हा पापुद्रा वाढत वाढत मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतका झाला की वरचा लेप सुटू लागतो. पात्यावरच्या लेपाचे आयुष्य बहुधा यावरूनच ठरते.

शाळेत करता येण्याजोगे एवढेच सांगून थांबतो. शेगडीची तुटलेली, टाकून दिलेली तार आणा (शेगडीतून काढायची असेल तर आधी प्लग काढून). बांधकामावर वापरतात त्या बारीक लोखंडी तारेचा एक तुकडा घ्या. चिमट्यात धरून दोन्ही तारा बर्नरच्या ज्योतीत पाच-पाच मिनिटे तापवा, थंड होऊ द्या आणि पांढऱ्या कागदावर धरून वाकवा. लोखंडी तारेचे काळे पोपडे कागदावर पडतील. शेगडीच्या तारेवरून बहुधा फारसे काही पडणार नाही. नायक्रोमची जुनी, खूप वापरलेली तार पात्याने खरवडली तर काळपट-हिरवट भुकटी मिळते. अमोनियम डायक्रोमेटचा ‘ज्वालामुखी’ ज्यांनी पूर्वी वर्गात करून दाखवला असेल (ते विषारी असल्याने आता दाखवू नये) त्यांना त्यातून उडणारी हिरवी राख आठवेल. तीही क्रोमियम ऑक्साइडचीच. १९२९ मध्ये प्फाइलने लोखंडावर लावला होता तो हिरवा लेपही हाच.